ओरिएंटल लिलियमचे कंद बाटलीत होतात, पण मातीत उगवत नाहीत : नेमकं काय चुकतंय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला सांगता येईल. पाचगणीजवळ तुमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, त्यात ओरिएंटल आणि एलए या प्रकारांचं लिलियम लावता. दर हंगामाला एजंटकडून परदेशी कंद घ्यावे लागतात. फूल काढून झालेला कंद तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी काडी बारीक येते, कळ्या जेमतेम दोन. म्हणून बी.एस्सी. बायोटेक झालेल्या पुतण्याला हाताशी धरून घरीच टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोप वाढवायची, एक खोली तयार केलीत, जुना लॅमिनार (गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं कामाचं टेबल) घेतलात आणि फुलं काढून झालेल्या कंदांचे स्केल, म्हणजे खवले, ६० बाटल्यांत लावलेत. त्यातल्या ४१ बाटल्या तीन आठवड्यांत बुरशीने गेल्या. उरलेल्या १९ पैकी ८ बाटल्यांतून २३ छोटे कंद निघाले, ते कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावले. चार महिने झाले, एकही उगवला नाही, निम्मे कुजले. बाकीच्या ११ बाटल्यांत पानं आहेत, पण काचेसारखी, फुगलेली. मीडिया (बाटलीतलं पोषक मिश्रण) केळीचाच वापरला, त्यात बीए हे कोंब फोडणारं हार्मोन लिटरला ३ मिलिग्रॅम. आणि तुम्ही विचारताय, लिलीला नेमकं कुठलं हार्मोन किती घालायचं?

हार्मोनचे आकडे खाली देतो. पण फक्त ते देऊन थांबलो तर पुढच्या ६० बाटल्यांचंही हेच होईल. तुमच्या तीन अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि त्यातली एकच हार्मोनची आहे. बुरशी आली ती मदर कंदामुळे, म्हणजे ज्याचे स्केल लावले त्या कंदामुळे, पानं काचेसारखी झाली ती केळीच्या मीडियामुळे, आणि कंद उगवले नाहीत कारण ते झोपलेले आहेत. १९ वर्षं मी हेच काम करतोय, त्यातली बरीचशी फुलांच्या कंदपिकांवर. लिलीमध्ये बाटलीतला भाग सगळ्यात सोपा असतो, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगतो. लिलीचा स्केल नुसता ओल्या कोकोपीटमध्ये पडला तरी बुडाशी पिल्लं धरतो, इतकी ती मुळातच तयारीची आहे. कस लागतो तो बाटलीच्या आधी आणि बाटलीच्या नंतर.

एक खुलासा करून ठेवतो, कारण इतर वाचकांचा गोंधळ होतो. मार्केट यार्डात ‘लिली बंडल’ म्हणून हारासाठी पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या येतात, ती स्पायडर लिली, तिचं कूळच वेगळं. पावसाळ्यात कुंडीत फुलणारी गुलाबी लिलीही वेगळी. आपण बोलतोय ते लिलियमबद्दल, जे बाजारात काड्यांवर विकलं जातं. त्याच्या कंदाला कांद्यासारखं वरचं कोरडं साल नसतं. लसणाच्या पाकळ्यांसारखे मांसल खवले एका बुडावर दाटीने बसलेले असतात, त्यांनाच आपण स्केल म्हणतो. साल नसल्यामुळे हा कंद उघड्यावर सुकतो आणि मातीतली सगळी घाण त्याच्या फटींत जाऊन बसते. पुढच्या बऱ्याच गोष्टी यावरून ठरतात.

कंद दर वर्षी बारीक का होतो

तुम्ही लिहिलंय की कंद ‘डिजनरेट’ होतात, म्हणून टिश्यू कल्चर करून ताजे कंद हवेत. इथे थोडं थांबा. काडी कापताना तुम्ही ती जमिनीलगत कापता, लांब काडीला भाव मिळतो म्हणून. काडीबरोबर सगळी पानं जातात. फुलावर आलेल्या लिलीला पानं असतात ती काडीवरच, कंदातून वेगळी पानं येत नाहीत. मग खाली राहिलेल्या कंदाला पोसणार कोण? फुलासाठी त्याने साठा खर्च केलेला असतो आणि तो भरून काढणारं काहीच उरत नाही. कंद उपाशी राहतो, आणि त्यात उन्हाळ्यात माती तापली की उरलंसुरलंही श्वसनात जातं. डच लोक कंदासाठी वेगळं शेत ठेवतात आणि तिथे कळ्या लहान असतानाच खुडून टाकतात, जेणेकरून सगळं अन्न खाली उतरावं. एकाच झाडाकडून लांब काडीही हवी आणि जाड कंदही हवा, हे जमत नाही. टिश्यू कल्चर केल्यानेही जमणार नाही.

कंद खंगण्याचं दुसरं कारण म्हणजे व्हायरस. लिलीत तीन नेहमीचे : लिली सिम्प्टमलेस, लिली मॉटल आणि काकडीवर येतो तो कुकंबर मोझॅक. पहिल्याचं नावच सांगतं की लक्षण दिसत नाही. झाड दिसायला हिरवंगार, पण कंद लहान पडत जातो. तिन्ही माव्यामार्फत पसरतात. आणि इथे एक मोठा गैरसमज आहे, तो तुमच्या प्रश्नातही डोकावतोय : टिश्यू कल्चर केलं म्हणजे रोप व्हायरसमुक्त झालं. तसं नाही. बुरशी आणि जिवाणू बाटलीत दिसतात म्हणून आपण ती बाटली फेकतो. व्हायरस दिसत नाही, त्यामुळे तोही हजारपट वाढतो. रोगट कंदाच्या स्केलपासून तुम्ही हजार कंद केलेत तर हजार रोगट कंद केलेत. व्हायरस काढायचा तर कोंबाच्या टोकाचा ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा घुमट, म्हणजे मेरिस्टेम, सूक्ष्मदर्शकाखाली काढून वाढवावा लागतो, आणि त्यानंतर एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणी करून खात्री करावी लागते. मेरिस्टेम काढला तरी सगळी रोपं स्वच्छ निघतातच असं नाही, म्हणून चाचणी सोडता येत नाही. घरच्या खोलीत हे करू नका. दोन-चार जातींचे मेरिस्टेम एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेकडून करून घ्या आणि पुढची वाढ तुम्ही करा.

बियांचंही विचारलंय. हायब्रिडचं बी लावलं तर आईसारखं झाड येणार नाही. एलए आणि ओटी (ओरिएंटल आणि ट्रम्पेट यांचा संकर) तर बहुतेक वांझच. एलए म्हणजे लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक या लिलियमच्या दोन प्रकारांचा संकर, तो निसर्गात सहज होत नाही. परागकण नीट पोचावा म्हणून स्त्रीकेसराचा दांडा कापून परागण करतात. गर्भ धरला तरी त्याला पोसणारा भ्रूणपोष तयार होत नाही, मग तो अर्धवट वाढलेला गर्भ फळातून काढून बाटलीत जगवावा लागतो. म्हणजे तुमच्या पॉलिहाऊसमधल्या एलएचे पूर्वज बाटलीतच जन्मले. त्यांची प्रजा वाढवायची ती कंदापासूनच.

बुरशी कुठून आली

पुतण्याला एक विचारा : बुरशी बाटलीत नेमकी कुठून सुरू झाली? मीडियावर तुकड्यापासून लांब, ठिपक्यांनी सुरू झाली असेल तर ती हवेतून, हातातून, चिमट्यातून आली, म्हणजे दोष लॅमिनारचा किंवा कामाचा. तुकड्याच्या कडेपासून वर्तुळासारखी पसरली असेल तर ती कंदातच होती. तुकडा लावण्याआधीच मीडिया गढूळ झाला असेल तर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) कमी पडला. या तिघांवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि लोक तिन्हींवर एकच उपाय करतात, तो म्हणजे रसायनाची वेळ वाढवणं. त्याने स्केल मरतो, बुरशी राहते. पुढच्या वेळी १० बाटल्या रिकाम्या ठेवा. लॅमिनारमध्ये उघडायच्या, चिमटा आत फिरवायचा, काही न लावता बंद करायच्या. त्या स्वच्छ राहिल्या तर तुमचा हात आणि यंत्र ठीक आहे, दोष कंदाचा.

ऑटोक्लेव्हबद्दल तुमच्या गावापुरती एक गोष्ट. आपण सगळे ‘१५ पौंड, १२१ अंश, २० मिनिटं’ पाठ करतो. हा हिशेब समुद्रसपाटीचा आहे. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी. काट्यावर १५ पौंड दिसले तरी आतलं तापमान साधारण दोन अंश कमी राहतं. तुमच्याकडे वेळ ३० मिनिटं ठेवा आणि बाटल्या खच्चून भरू नका.

पण माझा अंदाज विचाराल तर तुमची बहुतेक बुरशी कंदातलीच आहे. फूल काढलेला, चार-पाच महिने ओल्या मातीत बसलेला कंद हा सुरुवातीसाठी सगळ्यात वाईट माल. तुम्हाला तो वापरावासा वाटला, कारण तो फुकटचा होता. हे मला समजतं, पण त्याची किंमत ४१ बाटल्या झाली. पुढच्या वेळी नवी पेटी आली की तिच्यातलेच १० कंद घ्या. पीट मॉसमध्ये आलेला, मातीत न गेलेला, टणक, डाग नसलेला कंद. पूर्ण मोडायचीही गरज नाही. बाहेरचे खराब दोन-तीन स्केल टाकून द्या, त्याच्या आतले चार-पाच घ्या, उरलेला कंद लावून टाका. त्याला फूल येतंच, काडी थोडी हलकी येते इतकंच.

दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त आवडतो. न उघडलेली कळी घ्यायची, दोन-अडीच सेंटीमीटरची, घट्ट बंद. कळीच्या आतला भाग मातीला कधी लागलेलाच नसतो. बाहेरून निर्जंतुक करायची, लॅमिनारमध्ये उघडायची, आणि आतला बीजकोश व देठाचा वरचा भाग यांच्या पातळ चकत्या करून लावायच्या. स्केलपेक्षा वेळ जास्त लागतो, पण बाटल्या स्वच्छ राहतात, आणि फूल डोळ्यांसमोर असल्यामुळे कुठल्या जातीचं आहे याचीही खात्री राहते.

स्केलची तयारी, मी जशी करतो तशी

स्केल बुडापासून हाताने मोडून काढायचा, बुडाचा थोडा भाग त्याला राहिला पाहिजे. मोडताना ‘टक्’ असा आवाज आला तर माल ताजा आहे. नळाच्या वाहत्या पाण्याखाली एक तास, मऊ ब्रशने घासून. ट्वीन-२० (साबणासारखं काम करणारं द्रव) चे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात १० मिनिटं. मग कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम, अर्धा तास. त्यानंतर ४३ अंशांच्या पाण्यात एक तास. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण लिलीच्या कंदात आतवर गेलेले जंतू रसायनापेक्षा या गरम पाण्याने जास्त कमी होतात. तापमान सांभाळायला जमत नसेल तर करू नका. ४६-४७ पर्यंत गेलं की स्केल उकडतो, दुसऱ्या दिवशी पारदर्शक दिसायला लागतो.

पुढचं सगळं लॅमिनारमध्ये. ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद. मग बाजारातलं ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी दोन भाग, त्यात ट्वीनचा एक थेंब, १५ ते २० मिनिटं हलवत. निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचं, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. पुष्कळ प्रयोगशाळांत मर्क्युरिक क्लोराइड वापरतात आणि ते चालतंही छान, पण घरात ते आणू नका. पारा आहे, शरीरात साठतो, आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतता येत नाही.

आता कापणं. स्केलच्या कडा रसायनाने पांढुरक्या झालेल्या असतात, तिथून दोन मिलिमीटर चारी बाजूंनी काढून टाका. मग आडवा कापा. वरच्या तिसऱ्या हिश्श्यातून फारसं काही येत नाही, तो टाकून द्या. खालचा, बुडाकडचा भाग ५ ते ७ मिलिमीटरचा ठेवा. स्केल वाटीसारखा वळलेला असतो. त्याची आतली, खोलगट बाजू वर करून ठेवायची आणि खालची बाजू मीडियावर हलकेच टेकवायची, खुपसायची नाही. पिल्लं येतात ती याच आतल्या बाजूवर, कापलेल्या बुडाजवळ. पुतण्याने तुकडे उलटे ठेवले असतील तर काही बाटल्यांत काहीच का झालं नाही, याचं उत्तर तिथेच आहे. आणि पहिल्या फेरीत एका टेस्ट ट्यूबमध्ये एकच तुकडा. एका बाटलीत पाच तुकडे ठेवले आणि एक बिघडला की पाचही गेले.

बुरशी आठवड्याभरात दिसते. जिवाणू मात्र तीन-चार आठवडे लपून राहतो आणि मग तुकड्याच्या बुडाशी मीडियात दुधासारखं पातळ वलय दिसतं. ट्यूब उजेडासमोर तिरकी धरून बघायची सवय लावा. असं वलय दिसलेली ट्यूब कंद चांगला दिसतोय म्हणून ठेवून घेऊ नका.

मीडिया आणि हार्मोन

एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेला मीडिया, तो लिलीला पूर्ण चालतो. पीएच ५.८, अगार ८ ग्रॅम. पहिल्या फेरीसाठी साखर ३० ग्रॅम, किराणा दुकानातली पांढरी साखर चालते. हार्मोन : एनएए (ऑक्झिन गटातलं हार्मोन) ०.१ मिलिग्रॅम आणि बीए ०.५ मिलिग्रॅम लिटरला. बस्स. ताजा, थंडीतून आलेला स्केल असेल तर हार्मोनशिवायही पिल्लं धरतो. कळीच्या चकत्यांना मात्र थोडं जास्त लागतं, बीए १ मिलिग्रॅमपर्यंत. जातीजातीत फरक आहे. एशियाटिक आणि एलए भराभर येतात, ओरिएंटल संथ. तुमची नेमकी जात कोणती यावर आकडा थोडा हलेल.

केळीशी तुलना इथेच फसते. जळगावच्या ग्रँड नैन या केळीच्या जातीची रोपं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे टिश्यू कल्चर म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. केळीत मुनव्याच्या कोंबाला भरपूर बीए देऊन त्याच्या शेजारी नवे कोंब फोडायचे असतात. मग मुळ्या, मग हार्डनिंग (बाहेरच्या हवेची सवय लावणं), झोप वगैरे काही नाही. लिलीत आपल्याला हिरवे कोंब नकोच आहेत, आपल्याला कंद हवाय. बीए ३ मिलिग्रॅम दिलंत की ती पानं फेकत सुटते, पेशी पाण्याने फुगतात, पानं काचेसारखी होतात. असं रोप बाहेर काढलं की दोन दिवसांत मान टाकतं. वर, जास्त बीएमुळे कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) झालं आणि त्याच्यातून पिल्लं आली तर जातीचे गुण बदलण्याचा धोका वाढतो. कॅलस दिसलं की मी ते कापून टाकतो.

इतकं थोडं हार्मोन तोलायचं कसं, हा घरच्या खोलीतला खरा प्रश्न. सराफाच्या काट्यावर १० मिलिग्रॅम तोलायला जाल तर निम्मा फरक पडेल. १०० मिलिग्रॅम तोला, सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवा, पाण्याने १०० मिली करा. हे झालं मिलीला १ मिलिग्रॅम. यातलं १० मिली घेऊन पुन्हा १०० मिली करा. आता या दुसऱ्या बाटलीतलं १ मिली म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. एनएए या पातळ द्रावणाचं १ मिली, बीए ५ मिली, एका लिटरला. बाटल्यांवर नाव, तारीख लिहून फ्रिजमध्ये.

ट्यूब पहिले सहा-आठ आठवडे अंधारात, २० ते २२ अंशांत. अंधारात पानं कमी येतात आणि अन्न कंदात साठतं. आठ ते दहा आठवड्यांत प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन पिल्लं दिसतील, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंत. ती सुटी करायची, त्यांचेच इवलेसे स्केल काढून पुन्हा लावायचे. २५ तुकड्यांनी सुरुवात केली, १० बुरशीत गेले, तरी १५ तुकड्यांपासून ४५ कंद, पुढच्या फेरीला सव्वादोनशे आणि त्याच्या पुढच्या फेरीला हजाराच्या वर, असा माझ्याकडचा साधारण हिशेब. सात-आठ महिने लागतात. पाच-सहा फेऱ्यांनंतर ती ओळ बंद करून नव्या मदर कंदापासून सुरुवात करावी. प्रत्येक बाटलीवर मदर कंदाचा क्रमांक हवाच. पुढे कधी व्हायरस सापडला किंवा फूल वेगळं निघालं, तर कुठली ओळ टाकायची हे त्या क्रमांकावरूनच कळतं.

शेवटच्या फेरीत हार्मोन बंद आणि साखर दुप्पट, लिटरला ६० ग्रॅम. कंद याच साखरेवर जाड होतो. या मीडियावर दोन-तीन महिने अंधारात राहू द्या. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कंद बाहेर काढायची घाई करू नका.

कंदाची झोप

आता तुमचे २३ कंद. लिलीचा कंद २०-२५ अंशांच्या उबेत वाढला की तो सुप्तावस्थेत जातो. डोंगराळ, थंड मुलखातलं हे झाड आहे. हिवाळा सरल्याची खूण पटल्याशिवाय ते कोंब काढत नाही, कारण हिमात कोंब काढला तर मरेल. बाटलीतल्या कंदाने हिवाळा पाहिलेलाच नाही. तुम्ही त्याला माती दिलीत, पाणी दिलंत, ऊब दिलीत, पण तो ज्याची वाट बघतोय तेच दिलं नाहीत. आणि झोपलेल्या कंदाला मुळ्या जेमतेम असतात, पाणी ओढलं जात नाही, कोकोपीट ओलंच राहतं, म्हणून निम्मे कुजले.

तुम्हाला हे सुचलं नाही यात नवल नाही. एजंटकडून आलेली पेटी उघडली की आठवड्याभरात कोंब दिसतो, म्हणून वाटतं कंद असाच वागतो. पण तो कंद तिकडे आधी थंडीत काढलेला असतो, आणि मग उणे एक-दीड अंशावर पीटमध्ये गोठवून ठेवून तुमच्यापर्यंत येतो. हिवाळ्याची किंमत पेटीच्या किमतीतच धरलेली असते.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः या ठेचेने शिकलो. सव्वाचारशे कंद, एकाहून एक गोंडस, मे महिन्यात थेट ट्रेमध्ये लावले. जूनपर्यंत काहीच नाही. एक उकरून पाहिला तर टणक, पांढरा, जिवंत. म्हणून वाट पाहत राहिलो आणि पावसाळी दमटपणात ऑगस्टपर्यंत सगळे गेले. त्याच खेपेचे आणखी डझनभर कंद बाटलीतच राहून गेले होते आणि ती बाटली जागा नाही म्हणून मीडियाच्या फ्रिजमध्ये ठेवलेली होती. सप्टेंबरमध्ये ते लावले आणि तीन आठवड्यांत सगळे उगवले. त्या ट्रेसमोर मी बराच वेळ उभा होतो.

तर करायचं असं. कंद बाटलीतून काढा, अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, कारण साखरेचा कण राहिला तरी बुरशी धरते. कार्बेन्डाझिममध्ये १५ मिनिटं बुडवा, कागदावर तासभर सुकवा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये पण गोळा व्हावा इतकंच ओलं. भोकं पाडलेल्या पिशवीत कंद आणि कोकोपीट थरांनी भरा आणि ४-५ अंशांवर ठेवा. एशियाटिक सहा ते आठ आठवडे, एलए साधारण तेवढेच, ओरिएंटल दहा ते बारा. घरचा फ्रिज चालतो, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको आणि त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन निघतं, त्याने कोंब बिघडतो.

थंडीनंतर लावताना कोकोपीट आणि परलाइट, सावली ५० टक्के, माती गार. पहिल्या वर्षी बहुतेक कंदांतून काडी येणार नाही, जमिनीतून सरळ एक-दोन पानं येतील. घाबरू नका, लहान कंद असाच वागतो. ती पानं जितकी जास्त दिवस हिरवी राहतील तितका कंद वाढेल. फूल देण्याजोगा, १२-१४ सेंटीमीटर घेराचा कंद व्हायला दोन-तीन हंगाम लागतात. हे तुमच्याकडे किती साधेल ते पूर्णपणे उन्हाळ्यावर अवलंबून आहे. पाचगणीच्या रात्री चांगल्या आहेत, पण एप्रिल-मेमध्ये पॉलिहाऊसच्या आतली माती किती तापते हे मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. म्हणूनच आपल्याकडे कंद पोसण्याचं काम हिमाचलात लाहौलसारख्या भागात चालतं, आणि पालमपूरची आयएचबीटी ही सीएसआयआरची संस्था त्यावर काम करते. पुण्यातल्या मैदानी भागात बाटलीतून कंद काढता येतो, तो पोसता येत नाही, असं माझं मत आहे.

मग तुम्ही काय करावं

१० गुंठ्यांसाठी, स्वतःपुरते कंद वाढवायचे असतील, तर प्रयोगशाळा नको. स्केलिंग करा. नव्या पेटीतल्या कंदांचे स्केल मोडा, कार्बेन्डाझिममध्ये बुडवा, ओलसर कोकोपीटमध्ये पिशवीत भरून अंधारात २२-२४ अंशांत ठेवा. आठ-दहा आठवड्यांत प्रत्येक स्केलच्या बुडाशी दोन-चार कंद मिळतात. मग तीच थंडी, तेच लावणं. वीज नाही, लॅमिनार नाही, ४१ बाटल्यांचं दुःख नाही. बाटलीची गरज तीन कामांना आहे : मेरिस्टेममधून आलेल्या मोजक्या स्वच्छ कंदांपासून वेगाने हजारो करायचे असतील, स्वतः नवे संकर करून गर्भ वाचवायचे असतील, किंवा एखादी हातची जाऊ पाहणारी जात टिकवायची असेल. तुमच्या पुतण्याला यातलं काही मनापासून करायचं असेल तर खोली मोडू नका, हात बसायला वर्षभर लागतंच. पण कंदांचा खर्च वाचवण्यासाठी म्हणून करत असाल तर हिशेब बसणार नाही.

कंद विकायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. नव्या हायब्रिड जातींवर पैदासकाराचे हक्क असतात, परवानगीशिवाय वाढवून विकता येत नाहीत, तेव्हा पेटीवरचं जातीचं नाव जपून ठेवा आणि आधी विचारा. आणि टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासून प्रमाणन व्यवस्था आहे, तिच्यात व्हायरसची चाचणी येते. गिऱ्हाईक आज विचारत नसेल, पण लिलीच्या बाबतीत तरी त्याशिवाय विकू नये.

आता तुमच्या हातात जे उरलंय त्याचं. काचेसारख्या पानांच्या ११ बाटल्या फेकू नका. लॅमिनारमध्ये उघडून पानं बुडापासून कापून टाका. खाली टणक, पांढरा गोळा लागला तर तो हार्मोन नसलेल्या, ६० ग्रॅम साखरेच्या मीडियावर अंधारात ठेवा. नुसता पिवळसर भुसभुशीत कॅलस असेल तर ती बाटली सोडून द्या. आणि ट्रेमधले कंद आजच उकरा. बोटांत धरून दाबा. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर गेला. टणक असतील ते सगळे जिवंत आहेत. धुवा, बुडवा, सुकवा, पिशवीत भरा, पिशवीवर तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आठव्या आठवड्यापासून दर रविवारी एकदा पिशवी उघडून बघत जा. टोकाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब दिसला की बारा आठवडे पुरे व्हायची वाट न बघता तो कंद त्याच दिवशी लावा.